तळाचा साका

पेत्रोनेलाच्या हाती ती पुस्तिका लागली शुक्रवारी सकाळी, शाळेच्या स्वयंपाकघरात, कोबीच्या ढिगाशेजारी. बंबखान्याच्या हॉलला कुलूप होतं, म्हणून कारखान्याच्या गाडीवाल्यानं तीनशे प्रतींचे गठ्ठे तिच्याच ओट्यावर आणून आदळले होते. "रविवारपर्यंत सांभाळा बाई, ओल लागू देऊ नका," एवढं सांगून तो घोड्याला चुचकारत निघूनही गेला.

पेत्रोनेलानं हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि गठ्ठ्याची सुतळी सैल करून एक प्रत ओढली. वर बटाट्याचं फूल, त्यामागे कारखान्याचं धुराडं, खाली अक्षरं: लिपूव्का स्टार्च कारखान्याची पन्नास वर्षं. आत पहिलाच लेख होता, ‘एका शब्दाचा जन्म’. लिहिणारा वॉर्साचा प्रोफेसर, सेवेरिन ओल्शान्स्की. मार्च महिन्यात तिच्याच घरी दोन दिवस बसून, तिच्याच हातची केकसारखी बाबका खाऊन गेलेला.

ती उभ्या उभ्या वाचू लागली. छान लिहिलं होतं मेल्यानं. बटाट्याच्या पोटातलं पांढरं सत्त्व आपल्याला पोसतं, असं लिहिलं होतं. कपड्यांना घालायच्या खळीला आपण ‘क्रोखमाल’ म्हणतो, तो शब्द जर्मनांच्या बैलगाडीतून आला. पण पोटात जातं त्या सत्त्वाला आपण ‘स्क्रोब्या’ म्हणतो, आणि हा शब्द आपल्याच घरचा. ‘स्क्रोबाच्’ म्हणजे खरवडणं, त्यातून तो निघाला. कुणीतरी खरवडलं, तेव्हा ते सत्त्व मिळालं. शब्द अजून ती खरखर अंगावर घेऊन फिरतो आहे.

पेत्रोनेलाला भरून आलं. कुणीतरी खरवडलं. ते कुणीतरी म्हणजे तिची आई आपोलोनिया, तिची आजी, शेजारची विक्ता, नदीच्या अल्याडपल्याडच्या साऱ्या बाया. पुढच्या पानावर तर आईचेच बोल होते, जसेच्या तसे. किसणीच्या दातांना काय म्हणायचं, पिळायच्या फडक्याला काय म्हणायचं, पाणी किती वेळ निवळू द्यायचं, तळाला बसलेला साका बोटानं कसा दाबून बघायचा. सगळं होतं. आणि पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:

माहिती देणारी: आ. क., वय ७४, निरक्षर.

तिनं परत वाचलं. मग कोबी कापायची सुरी ओट्यावर अशी ठेवली की पातेल्यांची झाकणं वाजली.

निरक्षर! आणि कोण? तर तिची आई! जी बाई मासे गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा पाण्यानं धुऊन, खिडकीच्या काचेला चिकटवून, वाळला की वाचायची! औषधाच्या बाटलीवरचं, साखरेच्या पिशवीवरचं, दफनभूमीतल्या प्रत्येक दगडावरचं! गावात कुणाला सरकारी पत्र आलं की ते आधी आपोलोनियाच्या ओसरीवर यायचं आणि मग पाटलाच्या घरी जायचं. पेत्रोनेलाला अक्षरं शाळेनं शिकवली नव्हती, आईनं शिकवली होती, राखेत काडीनं गिरवून.

आणि रविवारी हीच पुस्तिका आईच्या हातात ठेवणार होते. भर समारंभात, लाल फुलासकट. आई ती वाचणार होती. पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणार होती, भिंग लावून. मुंगीएवढी अक्षरं तर आधी.

दोन दिवस. दोन दिवसांत काहीतरी करायला हवं होतं.

त्या दिवशी ऐंशी पोरांच्या कोबीच्या सुपात मीठ दोनदा पडलं.

*

शनिवारी दुपारी पेत्रोनेला प्रोफेसरला गाठायला निघाली. तो शाळेच्या मागच्या रिकाम्या खोलीत उतरला होता. वाटेत विक्ता कुंपणावर रेलून उभी. विक्ता आईपेक्षा दोन वर्षांनी लहान, तोंडानं मात्र वीस वर्षांनी.

"काय गं नेले, कुणाचं घर पेटवायला निघालीस?"

"प्रोफेसरकडे चाललेय."

"मग काडेपेटी घेऊन जा. मला विचारलंन, ‘आजी, किसणीला काय म्हणता?’ मी म्हटलं, किसणीला किसणी म्हणते, आणि नवऱ्यालाही किसणीच म्हणायचे. ते काही छापलं नाहीये ना त्यानं?"

पेत्रोनेलाला हसू आलं नाही. ती तशीच पुढे गेली. राग असा होता की चिखलसुद्धा तिच्या बुटांना चिकटायला कचरत होता.

प्रोफेसर काकडीचं लोणचं आणि पाव खात बसला होता. बारीक मान, जाड चष्मा, कोटाच्या कोपरांना ठिगळं. समोर ते टेपचं मशीन, दोन चकत्यांचं. तिला पाहून तो उठला, खुर्ची पुढे केली. वाईट माणूस नव्हता. तोच तर घोळ होता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"बसा ना पेत्रोनेलाबाई. तुमची बाबका अजून जिभेवर आहे."

"तुमच्या जिभेचं राहू द्या. हे काय लिहिलंय?" तिनं पुस्तिका टेबलावर टाकली, बोट त्या ओळीवर ठेवलं.

त्यानं वाकून बघितलं. "निरक्षर? ते… ती आमची पद्धत आहे, बाई. बोलणाऱ्याचं वय, गाव, शिक्षण लिहावं लागतं. यात अपमान काही नाही. उलट शास्त्राच्या दृष्टीनं हा मान आहे."

"मान?"

"हो. ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत त्यांची भाषा शुद्ध असते. बिघडलेली नसते. अशी माणसं आता मिळत नाहीत. मी सहा गावं फिरलो तेव्हा तुमची आई मिळाली."

"म्हणजे वाचता येत असेल तर माझी आई बिघडली?"

"तसं नाही म्हणत मी…"

"तसंच म्हणताय! शुद्ध म्हणे! गाय आहे का ती, दुधाला पाणी लागलं की नाही बघायला? वाचते ती, प्रोफेसर! तुमच्या जन्माआधीपासून वाचते. तुमच्यासमोर बसून आपलं काही सांगायला लागली होती ती. तोंड उघडलं आणि तुम्ही खटकन ते मशीन बंद केलंत. मी दारात उभी होते. पाहिलंय मी."

प्रोफेसरनं चष्मा काढला. "चकत्या मोजून मिळतात, बाई. संस्थेकडून चार. विषय बटाट्याचा होता. आजी दुसरीकडेच वळल्या, म्हणून मी…"

"दुसरीकडे!"

"आणि वाचता येतं हे मला कसं कळणार?" आता त्याचाही आवाज थोडा चढला. त्यानं पिशवीतून एक कागद काढला. "हा संमतीचा कागद. इथं सही हवी होती. हे बघा."

पेत्रोनेलाला बघायची गरज नव्हती. काल सकाळपासून ती याच कागदाला मनाच्या तळाशी दाबून बसली होती, वर दगड ठेवून. कागदावर तीन फुल्या होत्या. वाकड्यातिकड्या, ओळीत. अक्षर न येणारी माणसं सरकारी कागदावर मारतात तशा.

"तुमच्या आईनं मारल्यात. तुम्ही शेजारी होतात," प्रोफेसर हळू आवाजात म्हणाला.

होती. शेजारीच होती. सत्तावीस साली कारखान्यातल्या किसायच्या ढोलानं आईच्या उजव्या हाताची दोन बोटं आत ओढून कायमची आखडवून टाकली होती. सही करायची म्हणजे डाव्या हातानं उजवा हात धरून एकेक अक्षर कोरायचं. आपोलोनिया लिहायला देवाची अख्खी प्रार्थना म्हणून व्हायची. त्या दिवशी शाळेत सूप चढवायची वेळ झाली होती. पोरं वाट बघत होती. आणि पेत्रोनेला म्हणाली होती, "अगं आई, तीन फुल्या मार नि मोकळी हो."

आईनं तिच्याकडे पाहिलं होतं. एकदाच. मग तीन फुल्या मारल्या होत्या.

"शाईनं खोडा," पेत्रोनेला म्हणाली.  "तीनशे प्रती आहेत. मी बसते, विक्ता बसेल. एक शब्द खोडायचा."

"नाही करता येत. छापलेल्या मजकुरावर सरकारी तपासणीचा शिक्का आहे. एक अक्षर बदलायचं तर पुन्हा वॉर्साला पाठवावं लागतं. मी बदललं तर माझी नोकरी जाईल आणि तुम्ही बदललंत तर कारखान्याच्या मॅनेजरची." त्यानं हात पसरले. "माफ करा. पुढच्या आवृत्तीत करू."

"माझी आई चौऱ्याहत्तरची आहे. तिची पुढची आवृत्ती निघत नाही," पेत्रोनेला म्हणाली आणि दार न लावताच निघाली.

*

घरी आई इस्त्री करत होती. रविवारचा पांढरा रुमाल, डोक्याला बांधायचा. खळ घालून कडक केलेला, कागदासारखा वाजणारा. आखडलेल्या हातानं कापड धरलेलं, डाव्या हातानं इस्त्री फिरत होती.

"पुस्तिका आल्या म्हणे," आई म्हणाली. "विक्ता सांगत होती. तुझ्याच स्वयंपाकघरात आहेत."

"बांधलेल्या आहेत अजून."

"एक आणायची होतीस."

"मोजून दिल्यात, आई."

"बरं." आईनं रुमाल उलटा केला. "भिंग पुसून ठेवलंय मी. त्या पोरानं आपल्या सालोमेयाचं लिहिलंय का बघायचंय. मी सांगितलं होतं त्याला."

पेत्रोनेलानं मनात पानं चाळली. सालोमेया! पुस्तिकेत कुठं सालोमेयाचं नावनिशाण नव्हतं. पेत्रोनेलाच्या लहानपणी आई कधीमधी तिचं नाव घ्यायची, दिव्यात तेल घालताना, नाहीतर मेलेल्यांच्या सणाला मेणबत्त्या लावताना एक जास्तीची लावायची. कुणाची विचारलं तर म्हणायची, शिवणकरणीची. एवढंच.

इस्त्री ठेवून आई बटाटे किसायला बसली, रात्रीच्या थापोळ्यांपुरते. आणि किसता किसता नेहमीचं गुणगुणू लागली. या गावात जातं नव्हतं, पण बायांच्या हाताला ताल लागला की ओठ आपोआप हलतात, ते इथंही होतं:

कीस गं बाई, कीस, कीस पडू दे पाटीत
शिपाई उभा दारी, चांदणं माझ्या ओटीत

गढूळ पाणी वरी, तळी पांढरं निवांत
वरचं घे रे राजा, माझं राहील तळात

हे गाणं पेत्रोनेलानं हजारदा ऐकलं होतं. मशीनच्या चकतीवरही ते होतं. प्रोफेसर उद्या हॉलमध्ये ऐकवणार होता. ‘किसताना म्हणायचं गाणं’ म्हणून.

अंधार पडायच्या आत ती शाळेत परत गेली. ठरवून गेली. एक प्रत घेतली, शाईपेन्सिलीला टोक करायचं पातं घेतलं, आणि आईच्या बोलांचं ते पान मुळापासून कापून काढलं. स्वच्छ, सरळ. उद्या मॅनेजरच्या हातात आईसाठी हीच प्रत द्यायची. कापलेलं पान तिनं चुलीत टाकलं आणि ते जळताना बघत उभी राहिली. आईचे सगळे बोल गेले. किसणीचे दात गेले, फडकं गेलं, निवळलेलं पाणी गेलं.

खटकन बंद करण्यात आणि कापून काढण्यात काय फरक होता? प्रोफेसरवरचा राग तिच्याच अंगावर उलटून आला आणि रात्रभर उशाशी बसून राहिला.

*

रविवारी बंबखान्याचा हॉल भरला होता. स्टेजवर लाल कापड, त्यावर पांढऱ्या अक्षरांत कष्टकऱ्यांचा जयजयकार. खाली स्टुलांवर विक्तासकट चार म्हाताऱ्या, मांडीवर परात, हातात किसणी. ‘जुन्या काळची पद्धत’ दाखवायला बसवलेल्या.

"नवऱ्याच्या मयतीला एवढी गर्दी नव्हती," विक्ता ओरडून म्हणाली, "आणि बटाट्याला बघा!"

पेत्रोनेला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एप्रनमध्येच. मागे भट्टीत सहा बाबका फुगत होत्या. समोर पहिल्या रांगेत आई, कडक पांढऱ्या रुमालात, ताठ. मॅनेजरचं भाषण झालं. मग आईला हाक मारून एक लाल कार्नेशन दिलं आणि पुस्तिका दिली. तीच. पेत्रोनेलानं खात्री केली होती.

टाळ्या झाल्या. आई जागेवर बसली, फूल मांडीवर ठेवलं, खिशातून भिंग काढलं. लोक हसले, कौतुकानं. म्हातारी चित्रं बघतेय.

आईनं पहिलं पान वाचलं. पेत्रोनेलाला दारातून तिचे ओठ हलताना दिसत होते. मग दुसरं, असं सहाव्यापर्यंत. मग आईची मान वळली आणि थेट दारावर आली.

"नेले! सहानंतर नऊ कसं?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. पेत्रोनेलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.  आईनं तिला तेवढ्यात आरपार वाचलं, बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं. मग शेजारच्या लोहाराच्या हातातली पुस्तिका, "दे जरा," म्हणून घेतली. सातवं पान काढलं. भिंग हळूहळू खाली सरकत गेलं. तळाशी थांबलं.

खूप वेळ थांबलं.

मग आईनं पुस्तिका मिटून लोहाराला परत दिली. चेहऱ्यावर काही नाही. निवळायला ठेवलेल्या पाण्यासारखा.

पेत्रोनेलाला वाटलं, रडली असती तर बरं. शिव्या घातल्या असत्या तर बरं.

स्टेजवर प्रोफेसर उठला. घाम पुसत म्हणाला, आता आपण आपल्या आजींचा आवाज ऐकू. मशीनच्या चकत्या फिरू लागल्या. खरखर आली, आणि त्या खरखरीतून आईचा आवाज, कीस गं बाई, कीस. लोक खूश. स्टुलांवरच्या म्हाताऱ्यांनी तालावर किसायलाच घेतलं. गाणं संपलं. प्रोफेसरचा हात बटणाकडे गेला.

पेत्रोनेला दारातून निघाली ती स्टेजवर पोचली तेव्हाच तिला कळलं की आपण चालतो आहोत. तिनं त्याचं मनगट धरलं.

"चालू द्या."

"बाई, पुढे फक्त…"

"चालू द्या म्हणते! माझ्या आईनं सांगितलंय ते सगळं ऐकू द्या गावाला."

मॅनेजर अर्धवट उठला, पण पेत्रोनेलाचं तोंड बघून खाली बसला. बाबका तिच्या ताब्यात होत्या हेही खरं.

चकत्या फिरत राहिल्या. आईचा आवाज, शांत, स्वयंपाकघरातला: "…हे गाणं आम्हाला सालोमेयानं लावून दिलं. शिवणकरीण होती. त्या हिवाळ्यात आम्ही तिच्याकडे रोज किसायला जमायचो, अकरा पोरी, आणि परातीखाली…"

खट्.

"…मग वरचं पाणी ओतून द्यायचं. हळूच. तळाला राहतो तो साका."

एवढंच. पुढे खरखर. दोन वाक्यं एकमेकांना शिवलेली, मधला माणूस काढून.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. पेत्रोनेलानं मनगट सोडलं नव्हतं.

"परातीखाली काय?" ती ओरडली. "सांगा ना लोकांना! परातीखाली काय होतं? शब्द खरवडण्यातून आला म्हणे! कुणीतरी खरवडलं म्हणे! त्या कुणाचं तोंड तुम्ही दाबलंत, आणि मी…" आवाज फाटला. "मी पान कापलं. आणि फुल्या मारायलाही मीच सांगितलं तिला. घाईत. सूप चढवायचं होतं म्हणून."

"तू सांगितलंस म्हणून नाही मारल्या."

आई उभी राहिली होती. फूल खाली पडलं होतं, तिनं बघितलंही नाही.

"बस नेले. आणि त्या पोराचा हात सोड, मोडशील. प्रोफेसर, कोरी चकती आहे?"

प्रोफेसरनं मान हलवली. मग पिशवीतून चौथी चकती काढून बसवली.  मशीन फिरू लागलं, तेव्हा आई जिथं तोडली होती तिथूनच पुढे बोलली, जणू मध्ये एक घोट पाणी प्यायला थांबली होती.

"परातीखाली अंकलिपी. आपल्या भाषेतली. झारचं राज्य होतं, शाळेत आपली भाषा बोलायची बंदी, शिकवली तर तुरुंग. सालोमेयाच्या घरी आम्ही पोती भरून बटाटे घेऊन जायचो. दहाजणी किसायच्या आणि अकरावी वाचायची. पाळीपाळीनं. बाहेरून जाणाऱ्याला काय ऐकू येणार? खरखर. पोरी सत्त्व काढताहेत. त्या एका हिवाळ्यात गावातल्या सगळ्या घरांचा साका आम्ही काढून दिला. पेरांची सालं गेली. किसात रक्त पडायचं. पण मार्चपर्यंत मी वाचायला लागले."

स्टुलावर विक्ता गप्प झाली होती. विक्ता, जी मेलेल्या नवऱ्याच्या शवपेटीशीही गप्प बसली नव्हती.

"एकदा शिपाई आला. बरोबर कागद. लिहून द्या म्हणाला, इथं शाळा नाही. सह्या करा. सालोमेयानं आमच्याकडे बघितलं. आणि आम्ही अकराच्या अकराजणींनी तीन तीन फुल्या मारल्या. मला तेव्हा माझं नाव गोल गोल, मोत्यासारखं लिहिता येत होतं. पंधरा वर्षांची होते, हात धड होता. लिहायला हात शिवशिवत होता. तरी फुल्या मारल्या. शिपाई हसला. म्हणाला, ढोरं आहेत सगळी. आणि गेला."

आईनं प्रोफेसरकडे बघितलं.

"तेव्हापासून परका माणूस कागद घेऊन आला की या गावच्या बाया फुल्याच मारतात, पोरा. जर्मन आले त्यांनाही मारल्या. तुलाही मारल्या. तुझा कागद बघितला, मशीन बंद केलंस ते बघितलं, आणि मनात म्हटलं, हा पण शिपाईच. फक्त चष्मा लावलेला."

कुणी हसलं नाही. प्रोफेसर खाली मान घालून चकतीकडे बघत होता.

"मला निरक्षर लिहिलंस त्याचं मला काही नाही. ते मीच तुला लिहून दिलं. पण सालोमेयाचं नाव मी तुझ्या तोंडासमोर घेतलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात पकडली तिला. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, त्याचे नातू इथं बसलेत, त्यांचा काय दोष. अकरा महिने तुरुंगात ठेवली. परत आली ती खोकत. वसंतात गेली. दगडावर नाव घालायला कुणी धजलं नाही, साधा लाकडी क्रूस होता, तोही कुजला. तू म्हणतोस शब्द खरवडण्यातून आला. आला असेल. मग ज्या बाईनं त्या खरवडण्याखाली आम्हाला शब्द दिले तिला तू का वगळलंस? चकती वाचवायला?"

तिचा आवाज मोठा नव्हता. पण आखडलेली बोटं रुमालाच्या टोकाशी इतकी आवळली होती की खळीचं कडक कापड फाटल्यासारखं कुरकुरलं. पेत्रोनेलानं आईला एवढ्या वर्षांत रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. आता कळलं, राग होता. साठ वर्षं तळाला बसून होता. पांढरा, घट्ट, बोट रुतत नाही असा.

तेवढ्यात खरखर ऐकू आली. विक्तानं किसणी उचलली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात आपोआप चालत होता. सवयच ती, कुणी सालोमेयाचं बोलू लागलं की किसायचं. तिचं बघून दुसरीनं सुरू केलं, मग तिसरीनं, मग चौथीनं. चार किसण्यांची खरखर हॉलभर चढली आणि आईचा आवाज तिच्याखाली बुडू लागला.

"थांबवा गं!"

आई अशी कडाडली की दारातली पोरं मागे सरली.

"विक्ते, ठेव ती किसणी खाली! आता कुणापासून लपवायचंय? गेला झार, गेला शिपाई. ठेव म्हणते ना! आता ऐकू येऊ दे."

किसण्या थांबल्या. विक्तानं पालथ्या हातानं नाक पुसलं. हॉल इतका शांत झाला की मागच्या भट्टीत बाबका करपू लागल्याचा वास आधी आला आणि मग कुणाला तरी त्या आठवल्या. पण पेत्रोनेला जागची हलली नाही. तिचा हात मशीनवर होता, बटणाच्या शेजारी, आणि ज्याला ते बंद करायचं असेल त्यानं तिच्यावरून जावं, असा होता.

"लिहून घे, प्रोफेसर," आई म्हणाली. "मशीनवर तर घेच, पण हातानंही लिही. मला वाचता येतं, मी तपासणार आहे."

त्यानं खिशातून पेन काढलं. पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर, तपासणीचा शिक्का होता त्याच्या अगदी खाली, टोक टेकवलं आणि वाट बघत राहिला.

"सालोमेया वोय्तुल," आई म्हणाली. मग एकेक शब्द सुटा करून, पोरांना शुद्धलेखन घालावं तसं: "शिवणकरीण. वय सत्तावीस. लिपूव्का."

थोडं थांबली.

"साक्षर."